आर्डिसचा निळा डबा

या जानेवारीत गोळीचा भाव उतरला. औषधाच्या दुकानात मी आठवड्यातून दोन दिवस काउंटरला बसते, त्यामुळे नव्या भावाची पहिली पिशवी माझ्याच हातून गेली. घेणारी बाई पावती बघून म्हणाली, "मार्लिस, काहीतरी चुकलंय गं. परत बघ." मी परत बघितलं. काही चुकलं नव्हतं. बाई हरखून गेली आणि मी मागच्या खोलीत जाऊन चांगली पाच मिनिटं रडून आले. दुकानदाराला वाटलं मला सर्दी झालीय.

दुपारी आर्डिसला फोन केला. "उतरला गं भाव," म्हटलं. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवून दिला. या एका गोष्टीसाठी वीस वर्षं जिने सगळ्या गावाचं डोकं खाल्लं, ती बाई एवढंच बोलली. का, ते सांगते. मी सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार आहे? त्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात तिघंच होतो, आणि त्यातला एक गेला.

आर्डिस टोलेफ्सरूड म्हणजे आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई. एकतीस वर्षं तिने गावातल्या पोरांना जेवू घातलं. बांध्याने किडकिडीत, आवाज मात्र कोठारावरच्या भोंग्यासारखा. नॉर्थ डकोटाच्या या कोपऱ्यात माल विकायला फार्गो शहरातून विक्रेते यायचे, ते तिला टरकून असत. तिची पद्धत अगदी साधी. विक्रेत्याला बसवायचं, कॉफी द्यायची, घरी भाजलेला ॲपल-पाय द्यायचा खायला. त्याने मटाराचा भाव सांगितला की गप्प बसायचं. नुसतं बघत राहायचं. कप रिकामा झाला की पुन्हा भरायचा, पण तोंड उघडायचं नाही. एक गडी म्हणे तिसऱ्या कपाला आपणहून भाव उतरवत गेला आणि जाताना तिलाच सॉरी म्हणाला.

दोन हजार तीन साली कायदा झाला की सरकार म्हाताऱ्यांच्या औषधांचा विमा काढणार, पण औषध कंपन्यांशी भाव मात्र करणार नाही. तशी कायद्यात बंदीच घातली होती. आर्डिसने पेपरात ते वाचलं आणि पेपर माझ्यापुढे आपटला. "बाई गं! सबंध देशाच्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या घेणार, आणि भाव करायचा नाही? मटार घेताना मी अशी वागले असते तर शाळेने मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं!"

तेव्हापासून तिचं ते सुरू झालं. दर शनिवारी वाचनालयाच्या दाराशी घडीचं टेबल, त्यावर सह्यांचे कागद, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर लोणच्याची बरणी. दर सोमवारी वॉशिंग्टनला एक पत्र. तिकडून छापील उत्तर यायचं, तेही ती जपून ठेवायची. लोक तिला चुकवायला पलीकडच्या फूटपाथने जायचे. मीही गेलेय, खोटं कशाला बोलू.

निळा डबा ही तिची दुसरी भानगड, आणि ती फक्त आम्हा तळघरातल्या बायकांना ठाऊक होती. गावात कुणी गेलं की चर्चच्या तळघरात मयतीचं जेवण आम्हीच करतो. हॅम घातलेले पाव, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश, खजुराच्या वड्या, आणि पातळ कॉफी. ते जेवण करता करता लक्षात आलं, की माणूस जातं आणि त्याच्या गोळ्या मागे राहतात. न उघडलेल्या बाटल्याच्या बाटल्या. आणि पुढच्याच टेबलावर बसलेला माणूस तीच गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेत असतो. तर आर्डिस त्या मागून घ्यायची, बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात ठेवायची, आणि ज्याची गोळी त्याच्या खिशात गुपचूप सारायची. कायद्याने हे चालत नाही. तशी मी दुकानात काम करणारी, मला तर मुळीच चालत नाही. पास्टरबाई स्वयंपाकघरात येताना आधी मोठ्याने खोकायच्या, म्हणजे डबा फडताळात जायला वेळ मिळायचा.

या पास्टरबाई टेक्सासकडच्या. आल्या त्या पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं, मोठा चॉकलेटचा केक केला आणि विचारलं, "केक घेणार ना?" आम्ही सगळे म्हणालो, "नको नको, कशाला." त्यांनी बिचाऱ्यांनी केक उचलला आणि फ्रिजमध्ये ठेवून दिला! वीस माणसं नुसत्या कॉफीवर घरी आली. आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता. शेवटी आर्डिस जाऊन त्यांना सांगून आली. म्हणाली, "पास्टरबाई, इथे दोनदा नको म्हणतात. ती रीत आहे, नाहीतर माणूस हावरट दिसतो. तुम्ही तिसऱ्यांदा विचारायचं. तिसऱ्यांदा जे म्हणतील ते खरं." हे त्यांना शिकवणारी आर्डिस होती, हे लक्षात ठेवा.

आता ऑर्लिन क्वाम्मे. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनकाट्याशी बसलेला माणूस. कुणाच्या गव्हात त्याने कधी मूठभर इकडचं तिकडे केलं नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आर्डिस आणि तो शाळेत एका बाकावरचे. त्याच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायचे, म्हणून रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी डॉक्टरने गोळी दिली होती, सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळी चांगली. भाव असा, की वर्षाच्या मध्येच विम्याची ठरलेली मर्यादा ओलांडली की महिन्याला दीडशे डॉलर खिशातून.

ऑर्लिन दर महिन्याच्या तीन तारखेला दुकानात यायचा. पेन्शन त्या दिवशी जमा होते. टोपी काढायचा, हवेबद्दल बोलायचा, पिशवी घ्यायचा. दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये तो आला. जुलैत आला नाही. ऑगस्टमध्ये आला, सप्टेंबरमध्ये नाही. मला काही फार शिकायची गरज नव्हती हिशेब कळायला. सकाळची घेतोय, संध्याकाळची सोडतोय.

दुकानातलं बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे. त्यावर मी सहीसुद्धा केलेली आहे. मी त्याच दुपारी आर्डिसकडे गेले आणि सांगितलं.

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "गाढव आहे तो. मेला तरी बोलणार नाही." मग फडताळातून डबा काढून सगळ्या बाटल्या टेबलावर ओतल्या. त्याची गोळी त्यात नव्हती. त्या दिवसापासून आम्ही दोघी, देवा मला क्षमा कर, गावात कोण आजारी आहे आणि कोणती गोळी घेतंय यावर डोळा ठेवून, कुणी जायची वाट बघत राहिलो.

त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी, सरकारची एक यादी आली होती. नवा कायदा झाला होता, सरकारला एकदाची भाव करायची मुभा मिळाली होती, आणि पहिल्या दहा औषधांची नावं जाहीर झाली होती. त्यात ऑर्लिनची गोळी होती. आर्डिसने आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाच्या दाराशी सह्यांऐवजी केक ठेवला होता. फक्त एक गोम होती. भाव ठरायला एक वर्ष, आणि ठरलेला भाव लागू व्हायचा दोन हजार सव्वीसच्या जानेवारीत.

ऑक्टोबरात हार्लन ब्राटलिन गेला. त्यालाही तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची. पोस्टाने एकदम तीन महिन्यांची आलेली, तीनही बाटल्या सीलबंद. त्याची बायको लव्होन, तिने प्रार्थनेच्या आधीच त्या रुमालात गुंडाळून आर्डिसच्या हातात दिल्या. आर्डिसने त्या एप्रनच्या खिशात घातल्या आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मयतीच्या दिवशी! मलाही हसू आलं, काय सांगू.

जेवणं चालू होती. ऑर्लिन शेगडीजवळच्या टेबलाच्या कडेला बसला होता. समोर लव्होन, आणि शेजारी रोलंड नावाचा आमचा एक शेतकरी, ज्याला कुठे काय बोलावं हे सत्तर वर्षांत कळलेलं नाही. रोलंड म्हणाला, "काय ऑर्लिन, तुझी गोळी यादीत आली म्हणे! लॉटरी लागली की लेका."

"लागली ना," ऑर्लिन म्हणाला. "सव्वीसच्या जानेवारीत. तोवर मी ब्याऐंशीचा होईन, नाहीतर हार्लनच्या शेजारी असेन."

टेबल हसलं. लव्होनसुद्धा जराशी हसली. आर्डिस किटली घेऊन कॉफी ओतत होती. ती म्हणाली, "हसू नका. आधीच वीस वर्षं घालवली त्यांनी."

"अगं, ठरवूच नये सरकारने," ऑर्लिन म्हणाला. "ज्याने वस्तू बनवली त्याने भाव सांगावा. पटला तर घ्या."

"वा! चाळीस वर्षं कोठारावर काढलीस. गहू बनवला या रोलंडने. भाव कोण सांगायचं रे? रोलंड?"

पुन्हा सगळे हसले. ऑर्लिनचे कान लाल झाले. पण तो काही मूर्ख माणूस नव्हता, त्याचंही ऐकून घ्या. तो म्हणाला, "म्हणूनच सांगतोय, आर्डिस. वरून कुणीतरी ठरवलेला भाव रोज सकाळी मी फळ्यावर खडूने लिहायचो, आणि मग माणसांची तोंडं बघायचो. पुरे झाला मला तो फळा. आणखी एक नको."

लव्होन हळूच म्हणाली, "कंपनीला पैसा मिळतो म्हणून नवी गोळी निघते. हार्लन चार वर्षं जास्त राहिला माझ्यापाशी. मला नाही बाई त्यांना शिव्या देता येत."

ती मयत तिच्या नवऱ्याची होती. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ऑर्लिनला वाटलं आपल्या बाजूने कुणीतरी बोललं, आणि तो पुढे बोलून गेला. "बरोबर आहे लव्होनचं. आणि ज्याला परवडत नाही त्याने आपले चोचले कमी करावेत. सरकारपुढे हात पसरू नये."

"चोचले?" आर्डिसने किटली टेबलावर आपटली. "चोचले म्हणालास तू?"

तिला माहीत होतं तो संध्याकाळची गोळी सोडतोय. मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं की आम्हाला माहीत आहे. ती वळली आणि आत आली.

थोड्या वेळाने तिनेच त्याला हाक मारली, कॉफीचं मोठं पातेलं उचलायला. हे नेहमीचंच निमित्त. तो आत आला. मी मोरीपाशी भांडी घासत होते, पाठ त्यांच्याकडे, पण मोरीवरच्या खिडकीच्या काचेत सगळं दिसतं. आर्डिसने रुमाल उघडून ओट्यावर ठेवला.

"हार्लनच्या आहेत. तुझीच गोळी. लव्होन काय करणार त्यांचं?"

"नको नको," ऑर्लिन म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी लागतील."

"अरे, तीन बाटल्या आहेत. फेकून देऊ का?"

"नको गं. माझं चाललंय की. पुरतात मला."

दोन झाले. मी घासायची थांबले. काचेत ऑर्लिन दिसत होता. तो गेला नव्हता. पातेल्याचं झाकण हातात धरून तिथेच उभा होता, नजर बाटल्यांवर. ते उभं राहणं आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. केक पुढे आला की सगळे तसेच उभे राहतात.

आणि आर्डिस म्हणाली, "बरं. नको तर नको. तुझी तत्त्वं घेऊन जा घरी." तिने रुमाल गुंडाळला, डब्यात टाकला, आणि झाकण दाबून लावलं.

ऑर्लिनने पातेल्यावर झाकण ठेवलं. "कॉफी छान होती," म्हणाला, आणि गेला.

मी का नाही विचारलं? हात साबणात होते, तोंडाला तर काही साबण लागला नव्हता ना? मागे वळून "अरे, घे की," एवढंच म्हणायचं होतं. पण देणारी ती होती, मध्ये बोलणं बरं दिसत नाही. बरं दिसणं! या एका गोष्टीपायी आम्ही माणसं मारतो आणि वर हॉटडिश करून नेतो.

घरी जाताना गाडीत आर्डिस म्हणाली, "चार दिवस तडफडू दे त्याला. रविवारी विचारते परत." रविवारी तो चर्चला आला नाही, रुसला होता. ती म्हणाली, "रुसू दे." तुम्ही म्हणाल, बाटल्या त्याच्या दाराशी का नाही ठेवल्या नेऊन? आमच्यात तसं कुणी करत नाही. नको म्हटलेली वस्तू कुणाच्या दाराशी टाकणं म्हणजे त्याची लाज काढणं. दुसऱ्या रविवारी ती खिशात बाटल्या घेऊनच चर्चला आली. पण त्याच्या आदल्या दुपारी, मयतीपासून अकराव्या दिवशी, पोस्टमनला ऑर्लिन त्याच्या पत्रपेटीपाशी पडलेला सापडला होता, त्याला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं, आणि हे आम्हाला रविवारी सकाळी पास्टरबाईंकडून कळलं. गुठळी मेंदूत गेली होती. आर्डिसने ते ऐकलं आणि बाकावर बसली. प्रार्थना संपली, माणसं गेली, तरी ती उठली नाही.

तो वाचला. वाचला म्हणायचं आपलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि भाषा गेली. शुश्रूषागृहात आणला तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. "नको." डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी कधी एखादा शब्द तेवढा राहतो, त्याचा अर्थ तोच असेल असं नाही. सुप्रभात म्हटलं तरी नको. पाय दुखला तरी नको. खिडकीतून बर्फ दिसला की हसून नको.

आर्डिस रोज दुपारी त्याला भरवायला जायची. उणे तीस थंडीतसुद्धा. नर्स चमचा पुढे करायची, तो नको म्हणायचा, नर्स दुसऱ्या खाटेकडे वळायची. तिलाही पंधरा जण बघायचे असत. आर्डिस चमचा धरायची आणि म्हणायची, "घे, ऑर्लिन."

"नको."

"घे रे, गरम आहे."

"नको."

"घे ना."

आणि तो तोंड उघडायचा. दर घासाला असं तीनदा. एक वाटी संपायला तास लागायचा. मी शेजारी बसून विणत असायचे आणि मला तो आवाज सहन व्हायचा नाही. पण ती कधी चिडली नाही. चिडायचं तेवढं तिने ऑक्टोबरातच चिडून घेतलं होतं.

त्या वसंतात शहरातून दोन माणसं आली, कायद्याच्या बाजूने काम करणारी, भली माणसं. औषध परवडत नाही म्हणून अर्ध्याच गोळ्या घेणारा म्हातारा आणि त्याची ही दशा, यावर त्यांना छोटी फिल्म करायची होती. आर्डिसने बोलावं, वीस वर्षं लढलेली बाई म्हणून. कॅमेरा लावला. ती खुर्चीत बसली. मग उठली. म्हणाली, "तुमचं सगळं खरं आहे. भाव तसाच होता, आणि त्याला परवडत नव्हती. पण गोळ्या माझ्या एप्रनच्या खिशात होत्या. हे घालणार आहात का फिल्ममध्ये?" त्यांना काही कळलं नाही. ते सामान आवरून गेले. तिने सोमवारची पत्रं लिहायची मात्र सोडली नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "मी चुकले म्हणून ते बरोबर ठरत नाहीत."

चोवीसच्या ऑगस्टमध्ये ठरलेले भाव जाहीर झाले. शुश्रूषागृहातल्या टीव्हीवर दुपारच्या बातम्यांत सांगितलं. ऑर्लिनच्या गोळीचा भाव निम्म्याहूनही खाली आला होता. आर्डिसच्या हातात सुपाची वाटी होती. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "ऐकलंस? भाव झाला रे. त्यांनी भाव केला." तो टीव्हीकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. आतून पूर्ण माणूस बघत होता, हे मी शपथेवर सांगते.

तिने चमचा पुढे केला. "घे, ऑर्लिन."

"नको."

"घे रे, निवेल."

"नको."

"घे ना."

"नको," ऑर्लिन म्हणाला, आणि तोंड मिटून भिंतीकडे वळवलं.

माझ्या हातातली विणकामाची सुई थांबली. डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तिसऱ्यांदा जे म्हणतात ते खरं असतं, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक आहे, आणि चौथ्यांदा आमच्यात कुणी विचारत नाही. तो त्यानंतर नऊ दिवस होता.

आर्डिसने चौथ्यांदा विचारलं. मग पाचव्यांदा. नर्स येऊन तिच्या हातातून वाटी काढून घेईपर्यंत ती विचारत होती.